पडदा सोडू नकोस

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचून लगेच उत्तर दिलं नाही, कारण रागाच्या भरात लिहिलं असतं. तुझ्या अहिराणी सिनेमाला वितरक मिळत नाही आणि जो मिळाला तो म्हणतो, अहिराणी काढा, हिंदीत डब करा, 20 मिनिटं कापा, मग ओटीटीवाल्यांना इतर सिनेमांच्या गठ्ठ्यात देऊन बघतो. वर तू विचारतेस, "सर, करून टाकू का? निदान कोणीतरी बघेल."

कोणीतरी म्हणजे कोण? तुझ्या सिनेमातली ती म्हातारी कळण्याची भाकर थापता थापता सुनेशी एक शब्द न बोलता भांडते. तो प्रसंग मुळात कोणासाठी घेतलास? त्या माणसांना तो पडद्यावर दाखवल्याशिवाय फाइल कोणाच्याही हातात द्यायची नाही.

इटालियन दिग्दर्शक जॉर्जो दिरित्तीचा 'इल वेंतो फा इल सुओ जीरो' हा सिनेमा तू पाहिलेला नाहीस. पाहिला असतास तर हे विचारलंच नसतंस. 2005 सालचा हा त्याचा पहिला कथापट. एर्मान्नो ओल्मी या नामवंत इटालियन दिग्दर्शकाच्या तालमीतला माणूस, पण पहिला कथापट पूर्ण झाला तेव्हा पंचेचाळिशी गाठलेली. आणि तू अठ्ठाविसाव्या वर्षी उशीर झाला म्हणून रडतेस.

इटलीच्या पिएमोंते भागात, आल्प्समध्ये माइरा नदीचं खोरं आहे. तिथलं केरसोन्यो नावाचं एक काल्पनिक गाव. थंडीत मूठभर म्हातारी माणसं उरतात, उन्हाळ्यात सुट्टीवाले येतात. तिथे फिलिप नावाचा फ्रेंच माणूस बायको, तीन मुलं आणि शेळ्यांचा कळप घेऊन राहायला येतो. पूर्वीचा शिक्षक, आता चीज बनवून पोट भरणारा. गाव सुरुवातीला त्याच्यासाठी झटतं. आपल्याकडे इर्जिक असते ना, तशीच त्यांची जुनी रीत आहे. त्या रीतीने सगळे मिळून त्याचं घर राहण्याजोगं करून देतात. मग शेळ्या कोणाच्या तरी कुरणात शिरतात, आणि वर्षानुवर्षं पडीक पडलेल्या तुकड्यांना एकाएकी मालक फुटतात. पुढचं सांगत नाही, बघ.

सिनेमा बोलतो ऑक्सितान, म्हणजे त्या खोऱ्यांतली जुनी भाषा, शिवाय फ्रेंच आणि इटालियन. म्हणजे खुद्द इटलीतल्या प्रेक्षकालाही उपशीर्षकं वाचावी लागतात. बहुतेक माणसं त्याच खोऱ्यांतली. पैसे नव्हते, म्हणून तंत्रज्ञांनी आणि नटांनी आपला मेहनताना भागीदारी म्हणून सिनेमातच घातला. लंडनच्या महोत्सवात दाखवला गेला, पण मायदेशात वितरक उभा करेना. गावाकडचा विषय, ओळखीचा चेहरा नाही, वर बोलीभाषा. तुला जे ऐकवलं तेच.

मग त्यांनी काय केलं? स्वतःच दारोदार फिरले. मिलानमध्ये 'मेक्सिको' नावाचं एक पडद्याचं थिएटर आहे. ते तेव्हा चालवणाऱ्या अंतोनियो सान्कासानींनी 2007 मध्ये सिनेमा लावला आणि उतरवलाच नाही. वर्ष उलटून गेलं तरी लोक येत होते. 2008 मध्ये इटलीच्या दाविद दी दोनातेल्लो पुरस्कारांची पाच नामांकनं मिळाली. हे एका पडद्याने केलं. म्हणून म्हणतो, पडदा सोडू नकोस.

यात चमत्कार काही नाही. ज्या सिनेमाला जाहिरात परवडत नाही तो तोंडोतोंडीच चालतो, आणि त्याला वेळ लागतो. एक बाई रविवारी बघते, सोमवारी ऑफिसात सांगते, ऐकणारीला सवड मिळते पुढच्या शनिवारी. आपल्याकडे तोवर सिनेमा उतरलेला असतो. माझ्या सिनेमाचं हेच झालं. सकाळचे खेळ दिले, सोमवारी पोस्टर काढलं आणि मला सांगितलं, मागणी नाही. मागणी मंगळवारी येणार होती! अजून माझं तेच म्हणणं आहे.

म्हणून आमच्या फिल्म सोसायटीत मी एकच हॉल आणि रविवार सकाळची एकच वेळ धरून बसलो. लोक म्हणाले, हट्टी आहे, मोठ्या सभागृहात चला, पाहुणे बोलवा. काही जण सोडून गेले. जाऊ देत. एसटीतून निवृत्त झालेले एक वाहक तिसऱ्या रांगेच्या कडेला, पिशवी मांडीवर घेऊन बसायचे. हॉल कुठे, वेळ कोणती हे त्यांना कधी विचारावं लागलं नाही. दिरित्तीचा सिनेमा संपल्यावर ते बराच वेळ उठले नाहीत. मग म्हणाले, "आमचं बांधावरनं चुलत्याशी दोन पिढ्या बोलणं नाही. त्यांची पण शेळीच होती." त्यांना ऑक्सितानचा एक शब्द येत नव्हता. आणि तुझा तो वितरक म्हणतो, अहिराणी कोणाला कळणार! मी हॉल बदलत फिरलो असतो तर हा माणूस तिथे नसता, एवढंच मला त्या सोडून गेलेल्यांना सांगायचं होतं.

तेव्हा डबिंगचा विषय बंद. जळगाव, धुळे, अमळनेर, जिथे जमेल तिथे एक थिएटर धर. रोजचा खेळ मागू नकोस, तो मिळाला तरी टिकणार नाही. आठवड्याला एकच खेळ माग, पण वार आणि वेळ ठरलेली, आणि निदान तीन महिन्यांची बोली. भाडं आधी ठरव, तिकिटातला वाटा लिहून घे. मराठी उपशीर्षकं घाल, म्हणजे पुण्याचा माणूसही बसेल. प्रत्येक खेळाला तू स्वतः दारात उभी राहा. पहिल्या खेळाला नऊ माणसं आली तरी दुसरा रद्द करायचा नाही. दमलीस तर चिडून मला फोन कर, रात्री केलास तरी चालेल, पण पडदा सोडू नकोस. ओटीटी कुठे पळून जात नाही. तीन महिन्यांनी तू त्यांच्याकडे जाशील तेव्हा हातात तिकिटांचा हिशोब असेल, आणि मग 20 मिनिटं कापा म्हणायला त्यांची जीभ जरा अडखळेल.

वितरकाला या आठवड्यात नम्रपणे नकार कळव. कारणं देत बसू नकोस. अमळनेरच्या थिएटरमालकांशी बोलायला मी येतो, बुधवारनंतरचा कोणताही दिवस कळव. येताना सिनेमाची लांबी, ट्रेलर आणि सेन्सॉर सर्टिफिकेटची प्रत घेऊन ये. पोस्टरवरचं नाव अहिराणीतच राहू दे.

तुझा,
सर