पाचरीवर शॉक-लाटेची दोन उत्तरं, मग दिसते दुर्बळच का?

ध्वनीपेक्षा वेगवान हवा पाचरीच्या टोकाला भिडली की तिथून शॉक-लाट, म्हणजे दाब एकदम वाढवणारी लाट, निघते. उदाहरण: मॅक 2 (ध्वनीच्या दुप्पट वेग), हवा (गॅमा, म्हणजे विशिष्ट उष्मांचं गुणोत्तर, 1.4), पाचरीचा अर्धकोन (मधल्या रेषेपासून एका बाजूचा कोन) 10 अंश. समीकरण लाटेचे दोन कोन देतं: साधारण 39.3 (दुर्बळ लाट) आणि 83.7 अंश (प्रबळ लाट). दुर्बळ लाटेमागे प्रवाह स्वनातीतच, म्हणजे ध्वनीपेक्षा वेगवानच, राहतो (मॅक 1.64), त्यामुळे भिंतीचा छोटा खडबडीतपणा लाटेला तेवढ्याच प्रमाणात हलवतो, विक्षोभ पुढे वाहून जातो. प्रबळ लाटेमागे प्रवाह अवस्वनी, म्हणजे ध्वनीपेक्षा हळू. दाबाची चाहूल प्रवाहाच्या उलट दिशेने लाटेपर्यंत येते, म्हणून मागचा दाब बाहेरून लादल्याशिवाय प्रबळ लाट टिकत नाही. मॅक 2 ला अर्धकोन 23 अंशांपलीकडे गेला की लाट टोकापासून सुटते. पुष्कळजण इथे पूर्ण कोन घालून चुकतात!

कोल्हापुरात शॉक-लाटेची ढोबळ उपमा हवी तर पावसाळ्यात बंधाऱ्याखाली उसळणारं पाणी बघा.