डेल्टाच्या लाटेत कोविड होऊन गेला असेल, तरी ओमिक्रॉन होऊ शकतो का?

हो, होऊ शकतो, आणि आधीच्या प्रकारांपेक्षा बराच सहज. ओमिक्रॉन नोव्हेंबर २०२१ मध्ये समोर आला तेव्हाच त्याच्या स्पाइक प्रथिनात (विषाणूच्या पृष्ठभागावरचे काटे) तिसाहून जास्त बदल होते. जुन्या संसर्गातून तयार झालेली अँटीबॉडी मुख्यतः तिथेच चिकटते, त्यामुळे तिची पकड सुटते. कतारमधल्या २०२२ च्या अभ्यासात आधीच्या संसर्गामुळे डेल्टापासून सुमारे ९२ टक्के संरक्षण दिसलं, ओमिक्रॉनपासून जेमतेम ५६. गंभीर आजारापासूनचं संरक्षण मात्र बरंच टिकलं होतं (बातम्यांत हे सहसा गाळलं जातं). कारण टी-पेशी (संसर्ग झालेल्या पेशी मारणाऱ्या संरक्षक पेशी) विषाणूचे न बदललेले भागही ओळखतात. वयस्कर मंडळींनी आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांनी एवढ्यावर विसंबू नये.