पांढरी कड कापू नका, ताई

प्रश्न : आमचे मामंजी मुंबईला नोकरीत होते. रिटायर होऊन शहापूरला आले तेव्हा सामानात एक रंगीत चित्र घेऊन आले. आत काय आहे म्हणाल तर सांगता येत नाही बघा, माणसं की यंत्रं कळत नाही, सगळं हवेत तरंगालंय. खाली पेन्सिलीनं ३४/१०० असं आहे आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजीत 'मात्ता' अशी सही. चित्राभोवती कागद चौकोनी दाबल्यासारखा खोलगट आहे. लेक म्हणालाय, छापीलच आहे, त्याला काय किंमत. फ्रेमवाला म्हणालाय, पांढरा कागद लई सुटलाय, कापून लहान फ्रेम करूया. काचेच्या आत तपकिरी ठिपके पण पडालेत. काय करू? आणि हा मात्ता कोण?
– एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : ताई, आधी फ्रेमवाल्याला फोन करा आणि सांगा कात्री लावू नको, बाकीचं मग वाचा. सही त्या पांढऱ्या कडेवर आहे, नंबर त्या कडेवर आहे आणि दाबलेली चौकट पण तिथंच आहे, म्हणजे चित्राचा जन्मदाखलाच आहे तो. मला एका मित्रानं त्याचं स्वतःचं एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावरून छापलेलं चित्र, दिलं होतं, मी ते एका दुकानात फ्रेमला टाकून गावाला गेलो, परत येऊन बघतो तर चारी बाजूंनी कड उडवलेली आणि मागून गोंद लावून प्लायवर चिकटवलेलं. मित्राची सही कचऱ्यात गेली होती. मित्र आता नाही, आणि ती फ्रेम बघितली की अजून पोटात कालवतं.

आता लेकाचं म्हणणं. छापील आहे हे खरंच, पण छापण्या-छापण्यात फरक असतो की. घरात पेपर येत असेल तर त्यातल्या रंगीत फोटोवर भिंग धरून बघा, निळे, गुलाबी, पिवळे, काळे असे रांगेतले ठिपके दिसतील, तो मशीनवरचा छाप. एचिंगमध्ये तसली रांग नसते. तांब्याच्या नाहीतर जस्ताच्या पत्र्यावर मेणा-डांबराचा पातळ थर देतात, त्यावर चित्रकार सुईनं रेघा ओढतो, जिथं सुई फिरली तिथला पत्रा उघडा पडतो, मग पत्रा अ‍ॅसिडमध्ये सोडला की तेवढ्याच रेघा खाल्ल्या जातात आणि बारीक चर पडतात. चरात शाई भरायची, वरची पुसून काढायची, ओला केलेला कागद ठेवायचा आणि रोलरच्या प्रेसमधून जोरात काढायचा. कागद चरात घुसून शाई उचलून आणतो, म्हणून रेघ कागदावर किंचित उठलेली असते आणि पत्र्याच्या कडेचा दाब कागदात कायमचा बसतो. तुम्ही लिहिलेली खोलगट चौकट ती हीच. आपल्या उद्यमबागेत फाउंड्रीत काम केलेल्या माणसाला हे सांगितलं की एका मिनिटात पटतं, कारण धातू, अ‍ॅसिड आणि प्रेशर हेच सगळं आहे. सावलीसारखे सपाट रंग असतील तर पत्र्यावर राळेची पूड उडवून, ती तापवून चिकटवून मग अ‍ॅसिड दिलेलं असतं, त्याला अ‍ॅक्वाटिंट म्हणतात, भिंगातून वाळूसारखा बारीक दाणा दिसतो.

रंगासाठी बहुतेक वेळा वेगवेगळे पत्रे एकाच कागदावर एकामागून एक छापतात, कागद केसभर हलला तरी गेलं. एकाच पत्र्यावर सगळे रंग घेण्याची पद्धत पॅरिसमध्ये स्टॅन्ली विल्यम हेटरच्या 'आतलिए १७' या स्टुडिओत तयार झाली, आणि त्यात आपली दोन माणसं होती, चित्तूरकडचे कृष्णा रेड्डी आणि मुंबईचे कायको मोती. कुठल्या शाईत तेल जास्त, कुठल्यात कमी, म्हणून एक शाई दुसरीला जवळ घेत नाही, आणि एक रोलर मऊ, एक कडक, एवढ्यावर सगळा खेळ. मला याचा फार अभिमान वाटतो.

मात्ता म्हणजे रोबेर्तो मात्ता, १९११ साली चिलीच्या सांतियागोत जन्मला. शिकला आर्किटेक्चर, पॅरिसला जाऊन ल कोर्बुझिएच्या ऑफिसात काम केलं, तेच ज्यांनी पुढं चंदीगड उभं केलं. पण घरं काढता काढता त्याला माणसाच्या आतली जागा काढायची ओढ लागली. कवी लोर्काच्या ओळखीनं चित्रकार दालीकडं, दालीकडून कवी आंद्रे ब्रेतोंकडं, आणि १९३७ ला तो ब्रेतोंच्या सर्रिअ‍ॅलिस्टांच्यात, म्हणजे स्वप्नातलं, मनाच्या तळातलं काढणाऱ्या मंडळींच्यात. ब्रेतोंनी १९२४ च्या जाहीरनाम्यात सांगितलं होतं की बुद्धीचा पहारा उठवा, हात जाईल तसं जाऊ द्या. पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीकडं बघत पडलं की आपल्याला त्यात घोडा दिसतो, म्हातारी दिसते, तसंच काहीसं, फक्त मात्ता त्या डागाच्या मागं मागं शेवटपर्यंत जायचा. १९३९ ला न्यूयॉर्कला गेला, हेटर पण युद्धामुळं तिकडंच आला आणि मात्तानं त्याच्याकडं एचिंग केलं. दुसरं महायुद्ध पेटलेलं असताना त्याच्या मोकळ्या अवकाशात अर्धी माणसं अर्धी यंत्रं शिरायला लागली. तुमच्या चित्रातलं जे कळत नाही म्हणता ना, ते तिथून आलंय, त्या काळाची भीती आहे ती, म्हणून त्याचा अर्थ लागत नाही याचं वाईट वाटून घेऊ नका.

एक गोष्ट तर सांगायलाच पाहिजे. १९७१ मध्ये यानं सांतियागोच्या एका वस्तीत तिथल्या तरुण पोरांना घेऊन मोठं भित्तिचित्र काढलं. १९७३ ला लष्करानं सत्ता घेतली आणि त्यावर रंगाचे १६ थर चढले. मात्ता २००२ मध्ये इटलीत वारला, आणि २००८ ला ते थर खरवडून काढलेलं चित्र परत लोकांसमोर आलं. त्याला स्वतःला ते बघायला मिळालं नाही.

३४/१०० म्हणजे शंभर प्रतींतली चौतीसावी. फ्रेंच 'ई. ए.' असेल तर चित्रकाराची स्वतःची प्रत. पण नुसत्या सहीवर विसंबू नका. दालीनं तर कोऱ्या कागदांवर सह्या करून दिल्या होत्या, १९७४ ला फ्रेंच अधिकाऱ्यांनी एक गाडी अडवली तर आत त्याच्या सहीचे ४०,००० कोरे कागद निघाले. म्हणून चौकटीचा दाब, उठलेली रेघ, उजेडात धरल्यावर कागदात दिसणारं गिरणीचं नाव (आर्श, रीव असं काही) आणि मामंजींच्या जुन्या फायलीत असलीच तर पावती, हे सगळं जमवा, आणि त्याआधी कुणी दारात येऊन रोख देतो म्हणाला तर देऊ नका.

तपकिरी ठिपके म्हणजे ओल आणि मागचा पुठ्ठा, दोन्हींचं काम. आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवा कशी असते तुम्हाला माहीत आहेच. मागचा हार्डबोर्ड काढायला लावा, अ‍ॅसिड नसलेला माउंटबोर्ड (चित्र बसवायचा जाड पुठ्ठा) आणा (बेळगावात नाही मिळाला तर पुण्याहून मागवा), चित्र काचेला टेकता कामा नये, माउंटला वरच्या बाजूनं फक्त दोन ठिकाणी जपानी कागदाची पट्टी आणि गव्हाच्या खळीनं धरा, सेलोटेप अजिबात नको. ठिपके घरी पुसायला जाऊ नका, ब्लीच तर नकोच. लावताना पावसाची झड बसणारी बाहेरची भिंत सोडून आतल्या भिंतीवर, ऊन येणार नाही तिथं लावा. आणि नवीन फ्रेममध्ये जायच्या आधी लेकाला हात धुवून एकदा ते चित्र खिडकीशी तिरक्या उजेडात धरायला सांगा, भिंगाशिवायच शाईची उठलेली रेघ दिसेल त्याला.