बिल्डर म्हणतो, भूकंपाला मी जबाबदार नाही

प्रश्न: नांदेडमध्ये पार्किंगवर चार मजले अशी आमची इमारत आहे. ताबा डिसेंबर 2020 मध्ये मिळाला. 10 जुलै 2024 च्या भूकंपानंतर पार्किंगमधल्या तीन खांबांना तिरप्या भेगा पडल्या, आमच्या स्वयंपाकघराची भिंतही तडकली. बिल्डर म्हणतो, नैसर्गिक आपत्ती आहे, कायद्यातच सूट आहे. तरी तो भेगा बुजवून देणार, पण ‘आता काही तक्रार नाही’ या कागदावर सगळ्यांच्या सह्या मागतोय. सोसायटी अजून नोंदलेली नाही. कर्ज घेताना बँकेने विमा काढला होता. सही करावी का? (एक शिक्षिका, नांदेड)

ताई, सही करू नका, आणि भेगा बुजवूही देऊ नका. पुट्टी आणि रंगाचा हात फिरला की तुमचा पुरावा गेला. शिवाय तडकलेला खांब पुट्टीने सावरत नाही, आणि त्याच खांबांवर वरच्या चार मजल्यांतली कुटुंबं राहतात. त्यामुळे वकिलाच्याही आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर गाठा, बिल्डरच्या ओळखीतला नको. खांबांना टेकू द्यायला इंजिनिअरने सांगितलं तर लगेच द्या. त्याने तुमचा हक्क जात नाही, फक्त आधी तारखेसह फोटो काढून ठेवा.

आता बिल्डरच्या म्हणण्याकडे येऊ. रेरा, म्हणजे घरखरेदीदारांच्या संरक्षणाच्या कायद्याच्या कलम 6 मध्ये भूकंपाचं नाव आहे, हे खरं. पण ते कलम प्रकल्पाच्या मुदतवाढीचं आहे: युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप यांमुळे काम रखडलं तर जादा वेळ मिळतो, इतकंच. बांधून ताब्यात दिलेल्या इमारतीला लागू होतं कलम 14(3), आणि त्यात भूकंपाची सूट लिहिलेली नाही. ताब्यापासून पाच वर्षांच्या आत रचनेतला किंवा कामाच्या दर्जातला दोष कळवला, की बिल्डरने 30 दिवसांत, जादा पैसे न घेता तो दुरुस्त करायचा. नाही केला तर भरपाई द्यायची. करारात याच्या उलट काही छापलं असेल तरी धीर सोडू नका, करारातल्या ओळीने कायदा रद्द होत नाही.

मात्र दोष होता हे तुम्हाला दाखवावं लागेल. भूकंपात पडलेली प्रत्येक भेग म्हणजे बांधकामातला दोष नव्हे. आयएस 1893 या भूकंपरोधक मानकामागचा विचार असा आहे की हलक्या धक्क्यात इमारतीला इजा होऊ नये, मध्यम धक्क्यात खांब-तुळयांना होऊ नये, आणि तीव्र धक्क्यात निदान ती कोसळू नये. 10 जुलैचा धक्का 4.5 तीव्रतेचा होता आणि त्याचं केंद्र हिंगोली जिल्ह्यात होतं. एवढ्याने नांदेडमधले खांब तडकले आणि शेजारची इमारत धड राहिली, तर प्रश्न बांधकामाला विचारावाच लागतो. 26 जानेवारी 2001 ला कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. वर भिंतींनी ताठ झालेले मजले आणि खाली मोकळ्या पार्किंगचे नुसते खांब, ही रचना त्यांतल्या अनेकींची होती. तुमची तशीच आहे, म्हणून मी इतकं बजावून सांगतोय. काँक्रीटची ताकद, सळया आणि त्यांना बांधणाऱ्या रिंगांमधलं अंतर मंजूर नकाशांशी जुळतं का, हे इंजिनिअरच्या अहवालात यायलाच हवं. नकाशांच्या प्रती महापालिकेकडून माहिती अधिकारात मिळवता येतील.

विम्याच्या बाबतीत लोक फार घाईने लिहून मोकळे होतात. आधी पॉलिसी घराची आहे की कर्जदाराच्या जीवनाची, ते पाहा; बँकेतून पुष्कळदा दुसरी गळ्यात मारलेली असते. घराची असेल तर भूकंपाचं संरक्षण घेतलं होतं का, ते तपासा. एप्रिल 2021 पासूनच्या भारत गृह रक्षा पॉलिसीत ते असतंच, जुन्या आगीच्या पॉलिसीत ते वेगळं जोडून घ्यावं लागे. आता अडचण अशी, की सदोष बांधकामाचं नुकसान विमा कंपन्या सहसा देत नाहीत. बिल्डरला ‘काम निकृष्ट’ आणि कंपनीला ‘सगळं भूकंपाने’ असं लिहिलंत, तर दोघं तुमचंच पत्र तुमच्यावर उलटवतील. धक्का भूकंपाने दिला आणि कच्च्या कामामुळे इजा वाढली, हे एकाच वेळी खरं असू शकतं. म्हणून कंपनीला आजच कळवा, पण दिवस, वेळ आणि झालेलं नुकसान एवढंच लिहा. कशामुळे किती, हे अहवालाला सांगू द्या.

तहसीलमध्ये पंचनाम्याचा अर्जही द्या. मदत तुटपुंजी असली तरी सरकारी नोंद राहते.

अहवाल आला की तो जोडून बिल्डरला पोस्टाने, पोचपावतीसह नोटीस पाठवा. 30 दिवसांत काम झालं नाही तर महारेराकडे, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडे, ऑनलाइन तक्रार करा. सोसायटी नसली तरी फ्लॅटधारक एकट्याने ती करू शकतो. प्रकल्प रेरात नोंदलेला नसेल तर ग्राहक आयोग आहे, तिथे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. पण तुमची खरी मुदत ताब्यापासून पाच वर्षांची, म्हणजे डिसेंबर 2025 पर्यंतची. दोष त्याआधी लेखी कळवलेला हवा, आणि पोचपावती तुमच्या हातात हवी. शेजारी सही करायला निघाले असतील तर इंजिनिअर येऊन जाईपर्यंत तरी त्यांना थांबवा.