साठ की आठ? आणि क्लब हाऊसची आणखी तीन पत्रं

निवृत्तांच्या एका वसाहतीचं क्लब हाऊस मी नऊ वर्षं सांभाळलं. किल्ल्यांचा जुडगा, तीन रजिस्टरं आणि दिवसातून पन्नास वेळा ऐकलेलं ‘मॅडम, एक मिनिट!’ एवढीच माझी पात्रता. पत्रं मात्र येतच राहतात. या महिन्यातली चार घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या सोसायटीत टेबल टेनिसचं एकच टेबल आहे. रोज संध्याकाळी सहा ते आठ तेच चौघं खेळतात. तक्रारी आल्या म्हणून समितीने बुकिंगचं ॲप आणलं. आता ते चौघं रात्री बारा वाजता ॲप उघडून अख्ख्या आठवड्याचं बुकिंग करून ठेवतात. नियमात बसतं, म्हणून समिती गप्प आहे. मी समितीत नवा आहे. वाईटपणा न घेता काय करता येईल?

उत्तर : थोडा वाईटपणा घ्यावाच लागेल, तेवढी तयारी ठेवा. ॲपने रांग मोडत नाही, ज्याचं बोट चपळ त्याला ते पुढे उभं करतं, एवढंच.

आधी दोन आठवडे एक काम करा. कुणाला न सांगता, बुक झालेल्या प्रत्येक वेळेसमोर खूण करा, माणसं आली की नाही. मी केलं होतं. चौदा दिवसांत पाच संध्याकाळी टेबल ‘बुक’ होतं आणि बॅटी कपाटात होत्या. ती वही समितीच्या बैठकीत उघडून ठेवली, तेव्हा ‘नियमात बसतं’ म्हणणारे सदस्य पहिल्यांदा चष्मा शोधायला लागले.

मग नियम बदला, पण थोडेच. एका घराच्या नावावर एका वेळी एकच बुकिंग. ते खेळून झालं की पुढचं. दहा मिनिटांत आला नाहीत तर टेबल मोकळं. आणि गर्दीच्या दोन तासांतला एक तास ॲपमधून काढूनच टाका. त्या तासाला भिंतीवर पाटी आणि खडू. जो येईल त्याने नाव लिहायचं.

पाटीच्या तासाला ‘जिंकेल तो टेबलावर राहील’ हा रिवाज मात्र चालू देऊ नका. ऐकायला खेळकर वाटतो, पण त्यात चांगला खेळणारा कधी उतरत नाही आणि शिकाऊ माणूस पाऊण तास थांबून चार मिनिटांत हरून घरी जातो. दुसऱ्या दिवशी तो येत नाही. गेम 11 गुणांचा असतो. एक गेम झाला की दोन्ही बाजूंनी उतरायचं, मग कुणीही जिंको. 10-10 झाले तर दोन गुणांची आघाडी लागते आणि गेम लांबतो, तेवढं सोसायचं.

नियम मोडला तर काय, हेही आधीच ठरवा आणि दंड हलका ठेवा. पहिल्यांदा नुसतं सांगणं, दुसऱ्यांदा आठवडाभर बुकिंग बंद. एलिनॉर ऑस्ट्रॉम या अभ्यासक बाईंना 2009 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ते मिळवणारी ती पहिली स्त्री. तिने पाटाचं पाणी, कुरणं, मासेमारी अशी सामाईक मालमत्ता लोक स्वतः कशी टिकवतात ते पाहिलं. तिचं एक निरीक्षण मला क्लब हाऊसमध्ये रोज उपयोगी पडलं. जिथे वापरणाऱ्यांनीच नियम केले आणि शिक्षा छोटीपासून सुरू होऊन चढत गेली, तिथे व्यवस्था टिकली. आमच्याकडे पूर्वी पहिल्याच चुकीला महिनाभराची बंदी होती. शिक्षा इतकी मोठी की ती कुणालाच कधी झाली नाही.

म्हणून नियम करताना त्या चौघांना बोलवा. ते खलनायक नाहीत. जाळी सैल झाली की कोण आवळतं, चेंडू कोण आणतं, ते बघा एकदा. तेच असतील. आमच्या चौघांपैकी एकांना मी मंगळवारी नवशिक्यांना शिकवाल का म्हणून विचारलं. महिनाभर कुरकुरले, नंतर मंगळवारी त्यांच्या घरचं कार्य असलं तरी चुकवेनात.

आणखी एक. टेबलाकडे कधीच न फिरकणाऱ्या पाच-सहा जणांना दारात गाठून कारण विचारा. मला एका बाईंनी सांगितलं होतं, ‘ते टेबल त्या मंडळींचं आहे ना? त्यांचा क्लब असेल असं वाटलं मला.’ वर्गणी भरत होत्या त्या सात वर्षं.

प्रश्न : आमच्या ज्येष्ठांच्या संकुलात बंदिस्त तरणतलाव आहे. सकाळी पाण्यात व्यायामाचा वर्ग असतो. क्लोरिनचा इतका उग्र वास येतो की डोळे चुरचुरतात, दोघा-तिघांना खोकला लागतो. क्लोरिन कमी टाका म्हणून आम्ही सह्यांचं निवेदन दिलंय. तलाव बघणारा मुलगा म्हणतो, ‘टेस्ट ओके आहे.’ कोण खरं?

उत्तर : निवेदन मागे घ्या. आधी हसू नका, ऐका.

स्वच्छ पाण्यातल्या क्लोरिनला असा नाकात जाणारा वास येत नाही. घाम, लघवी, अंगावरची क्रीम यांच्याशी क्लोरिनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतं. वास त्याचा, डोळ्यांची चुरचुरही त्याचीच. म्हणजे उग्र वास आला तर बहुतेक वेळा कामाचं क्लोरिन कमी पडलेलं असतं. अशा वेळी आणखी कमी केलंत तर वास वाढेल आणि पाणी जंतूंना मोकळं होईल.

आता त्या मुलाची टेस्ट. त्याच्या हातातली बाटली बघा. थेंब टाकल्यावर पाणी पिवळं होत असेल तर ती जुनी ऑर्थोटोलिडिनची चाचणी आहे. ती एकूण क्लोरिन दाखवते, त्यातलं मोकळं किती आणि अडकलेलं किती हे सांगत नाही. रंग गडद पिवळा, मुलगा खूश, तुमचे डोळे लाल. मुलगा खोटं बोलत नाहीये, त्याला दिलेलं साधनच अर्धं आहे. समितीला डीपीडी गोळ्यांचा संच आणायला सांगा. त्यात पाणी गुलाबी होतं. पहिल्या गोळीने मोकळं क्लोरिन कळतं, पुढच्या गोळीने एकूण. एकूणातून मोकळं वजा केलं की अडकलेलं हाती येतं. मोकळं 1 ते 3 पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) असावं, अडकलेलं 0.4 च्या वर जाऊ नये आणि पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा, 7.2 ते 7.8 मध्ये. आकडे रोज वेळेसह फळ्यावर लिहायचे, सगळ्यांना दिसतील असे. लिहायचे ठरले की मोजले जातात, हा माझा अनुभव.

तलाव बंदिस्त आहे म्हणता, म्हणजे हवेचंही बघावं लागेल. हा वायू पाण्याच्या पृष्ठभागाजवळ साचून राहतो, नेमका तिथे जिथे तुमची नाकं असतात. छताजवळचा पंखा त्याला फारसा हलवत नाही. हवा खालून ओढली गेली पाहिजे आणि बाहेरची ताजी हवा आत आली पाहिजे. वीज वाचवायला रात्री एक्झॉस्ट बंद करत असतील तर सकाळचा पहिला वर्ग रात्रभर साचलेल्या हवेत होतो. विचारून बघा, बहुतेक हेच निघेल.

आणि शॉवर. पाण्यात उतरण्याआधी मिनिटभर अंग धुतलं तरी घाम आणि क्रीम बरीचशी निघून जाते. आमच्याकडे पाटी लावून काही झालं नाही. शॉवरचं पाणी गार होतं, कोण उभं राहील? ते कोमट केलं, पकडायला दांडी लावली, खाली न घसरणारी चटई घातली. मग पाटीकडे कुणाला बघावंही लागलं नाही.

प्रश्न : तरुण मंडळींना बॅडमिंटन कोर्टवर पिकलबॉल (कडक बॅट आणि प्लास्टिकच्या चेंडूने जाळीवरून खेळायचा खेळ) हवं आहे. बॅडमिंटनवाले म्हणतात कोर्टची वाट लागेल.

उत्तर : कोर्टला काही होत नाही. दोन्हीची मापं सारखीच, 44 फूट लांब आणि 20 फूट रुंद. 1965 साली अमेरिकेतल्या बेनब्रिज बेटावर हा खेळ जन्मला तोच मुळी एका जुन्या बॅडमिंटन कोर्टवर. आतल्या रेषा वेगळ्या रंगात मारा. जाळी मात्र मध्यभागी 34 इंचांवर यावी लागते आणि बॅडमिंटनची पाच फुटांवर असते, तेव्हा खालीवर होणारे खांब घ्या. फरशीवर दोरी बांधून जुगाड करू नका, कुणीतरी अडखळतं.

खरी अडचण आवाजाची. कडक बॅट, प्लास्टिकचा चेंडू, टक टक टक. समोरच्या इमारतीत दुपारी झोपणारे लोक असतील तर वेळा आधी ठरवा, खेळ नंतर सुरू करा. भांडण झाल्यावर ठरवलेली वेळ कुणीच पाळत नाही. साठीपुढच्यांना एकच सांगणं: डोक्यावरून गेलेल्या चेंडूमागे उलट्या पावलांनी धावू नका. गुण जाऊ द्या.

प्रश्न : माझे बाबा 81 वर्षांचे, दोन वर्षांपासून ज्येष्ठांच्या वसाहतीत राहतात. सुरुवातीला रोज हॉलमध्ये जायचे, शुक्रवारची हौजी तर कधी चुकवली नाही. गेले चार महिने खोलीबाहेर पडत नाहीत. विचारलं की ‘कंटाळा आला’ म्हणतात. तिथले लोक म्हणतात वयाने होतं असं. ताई, त्यांना बाहेर कसं काढू?

उत्तर : कंटाळा असेल, मन खचलेलंही असेल. ते डॉक्टरांना दाखवाच. पण तुमच्या पत्रातल्या हौजीने माझे कान टवकारले, कारण हे मी जवळून पाहिलं आहे.

आमचे एक गृहस्थ दर शुक्रवारी पहिल्या रांगेत बसायचे. एकदा त्यांनी ‘लाइन!’ म्हणून हात वर केला. तिकीट तपासलं तर साठवर खूण, आणि पुकारला होता आठ. सगळे हसले. वाईट हेतूने नाही, पण हसले. पुढच्या शुक्रवारी त्यांच्या गुडघ्यात दुखत होतं. त्याच्या पुढच्या शुक्रवारी झोप लागली होती.

वयाबरोबर कान आधी बारीक, उंच आवाज सोडतात. ‘स’ हा तसाच आवाज. तो गळला की ‘साठ’ आणि ‘आठ’ एकच होतात, मग माणूस अंदाजाने खूण करतो. ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’चीही तीच गत. आकडे 90, आणि आपल्या भाषेत त्यातले कितीतरी एकमेकांचे सख्खे भाऊ. माइकचा आवाज वाढवून उपयोग होत नाही. अस्पष्ट तेच मोठ्याने ऐकू येतं.

पुकारणाऱ्याला सांगा, आकडा दोनदा म्हणायचा: ‘साठ, सहा शून्य’. आणि हातात मोठा आकडा लिहिलेलं पुठ्ठ्याचं पान वर धरायचं, तीन मोजेपर्यंत. सगळ्यांसाठीच. ‘तुमच्यासाठी धरतोय’ असं बाबांना चुकूनही म्हणायचं नाही.

बाबांचे कान तपासून घ्या. यंत्र असेल तर ते हॉलमध्ये का काढून ठेवतात, हेही विचारा. गुळगुळीत फरशी, काचेच्या भिंती, उंच छत अशा हॉलमध्ये यंत्र खुर्च्यांचं खरखरणं आणि पलीकडच्या टेबलावरचं हसणंही तितकंच आत ओततं. खुर्च्यांच्या पायांना फेल्टच्या चकत्या, काचेवर जाड पडदे, मागे वाजणारं संगीत बंद, आणि कोपऱ्यात चौघांचं एक टेबल, जिथे बाबांची पाठ भिंतीला लागेल. एवढं समितीकडे मागा. बांधकाम काढावं लागत नाही.

ते म्हणतील हॉल छान आहे, कुणाची तक्रार नाही. तेव्हा तुम्ही दुपारी हॉल रिकामा असताना मधोमध उभ्या राहा आणि एकच जोरात टाळी वाजवा. गप्पांच्या खोलीत तो आवाज अर्ध्या-पाऊण सेकंदात विरायला हवा. तुमच्या हॉलमध्ये तो छताला जाऊन परत येत असेल, तर फोनवर रेकॉर्ड करून बैठकीत ऐकवा.