स्मृतिभ्रंशाच्या संशोधनात ‘टाऊ’ प्रथिनाची एवढी चर्चा का होते?

टाऊ मुळात वाईट नाही. मेंदूच्या पेशीच्या लांबलचक तंतूत माल वाहून नेणाऱ्या सूक्ष्मनलिका असतात. रुळांखालच्या स्लीपरसारखं टाऊ त्यांना जागच्या जागी धरून ठेवतं. अल्झायमरमध्ये त्याला फॉस्फेट वाजवीपेक्षा जास्त चिकटतं, ते नलिकेवरून सुटतं आणि पेशीच्या आत त्याचा गुंता होतो. अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली हेच गुंते वर्णन केले. ते टाऊचे आहेत हे कळायला १९८०चं दशक उजाडलं.

मग अल्झायमरमधल्या दुसऱ्या प्रथिनाचं, अमायलॉइडचं काय? ते पेशींच्या बाहेर साचतं, तेही लक्षणांच्या कितीतरी वर्षं आधी. पण माणूस किती विसरतोय, याचा मेळ टाऊच्या पसाऱ्याशी जास्त बसतो. गुंत्यांची सुरुवात नव्या आठवणी साठवणाऱ्या भागाजवळ होते. म्हणून आजीला स्वतःच्या लग्नातलं सगळं आठवतं, सकाळची गोळी घेतली की नाही ते मात्र नाही.

औषधांच्या बातम्या जरा जपूनच वाचा. अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झालेलं लेकानेमॅब अमायलॉइड हटवतं. १८ महिन्यांच्या चाचणीत ऱ्हास सुमारे २७ टक्के मंदावला, थांबला नाही, शिवाय मेंदूला सूज येण्याचा धोका आहेच. टाऊला लक्ष्य करणाऱ्या अँटिबॉडी-औषधांनी आतापर्यंत बहुतेक निराशाच केली.

टाऊचा खरा उपयोग सध्या निदानात होतोय. फॉस्फो-टाऊ २१७ (फॉस्फेट चिकटलेल्या टाऊचा एक प्रकार) मोजणाऱ्या रक्तचाचणीला २०२५ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली, तीही लक्षणं असलेल्यांसाठीच. घरात कुणाचं विसरणं वाढलं असेल तर आधी न्यूरॉलॉजिस्टला दाखवा, बी-१२ आणि थायरॉईड तपासून घ्या.