आधी ती भिंत विटांचीच आहे का, ते बघा

इंग्लंडमधल्या लुईस गावच्या हाय स्ट्रीटवरच्या तुमच्या दुकानाची विटांची दर्शनी भिंत ओल धरतेय आणि गवंडी विटांमधल्या सांध्यांत सिमेंट भरू म्हणतोय, हे वाचून राहवलं नाही. कृपा करून त्याला थांबवा. याच गावात मी नेमकं हेच करून बसले.

ती भिंत विटांची नसेलही. लुईस, कँटरबरी भागात अठराव्या शतकात जुन्या लाकडी सांगाड्याच्या घरांना नवा चेहरा द्यायला विटेसारखी दिसणारी कौलं ठोकत. त्यांना मॅथेमॅटिकल टाइल्स म्हणतात. लाकडावर खिळ्यांनी बसवलेली, सांध्यांत चुना. बोटाच्या पेराने वाजवा, बहुधा पोकळ आवाज येईल. खिडकीची चौकट भिंतीच्या जवळजवळ सपाटीला असते, कारण भिंतीला जाडी नसतेच. कोपऱ्यावर उभी लाकडी पट्टी असेल तर संशय पक्का करा.

माझ्या सर्व्हेच्या अहवालात सरळ 'वीट' लिहिलं होतं. मी सिमेंट भरून घेतलं. आत शिरलेलं पाणी चुन्यातून वाळून जातं, सिमेंट ते कोंडून ठेवतं. तिसऱ्या वर्षी आतल्या ओकच्या खांबाला स्क्रूड्रायव्हर लावला तर तो मुठीपर्यंत आत गेला, ओल्या केकमध्ये जावा तसा. सिमेंट काढताना कौलंही फुटली, कारण ते कौलापेक्षा कडक.

मनस्ताप खरा दिला तो बांधकामाची परवानगी देणाऱ्या कचेरीने. फोनवर म्हणाले, "जसंच्या तसं दुरुस्त करताय ना? मग परवानगी नको." चुन्याजागी सिमेंट म्हणजे जसंच्या तसं नव्हे, हे ना त्यांनी विचारलं, ना मला सुचलं. पुढे त्याच कचेरीचं खुलासा मागणारं पत्र आलं आणि फोनवरच्या बोलण्याचा पुरावा माझ्याकडे शून्य. अजून आठवलं की संताप होतो. तुम्ही सगळं ईमेलवरच विचारा. मी वकील नाही, पण एवढं नक्की: लिस्टेड, म्हणजे सरकारी वारसा यादीतल्या, वास्तूचं स्वरूप बदलणारं काम परवानगीशिवाय करणं इथल्या १९९० च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि आधीच्या मालकाने केलेल्या कामाची नोटीसही तुमच्या नावाने येऊ शकते.

जाता जाता, दर्शनी खिडकीच्या काचा लाटालाटांच्या दिसत असतील तर त्या जुन्या असणार, बदलू देऊ नका. आणि चुन्याचं काम थंडीत काढू नका, कच्चा चुना गोठला की भुगा होऊन गळतो. एप्रिलपर्यंत थांबा, तोवर वरची पन्हळ साफ करून घ्या. माझ्याकडे निम्मी ओल तिथूनच येत होती.